शिकलेलं मांजर

चौथीत असताना मी पहिल्यांदा मित्राच्या घरी झोपायला गेलो. साल १९८३. अंतर म्हणाल तर मंगळवार पेठेतून शिवाजी पेठेत, चालत दहा-बारा मिनिटं. पण आईनं तयारी अशी केली होती, की पोरगं दिंडीबरोबर पंढरीला निघालंय. कापडी पिशवीत एक टॉवेल, एक सदरा आणि ‘पुढारी’त गुंडाळलेली चड्डी. पिशवीतली चड्डी बाहेरून कुणालाच दिसणार नव्हती, मग ती कागदात कशाला, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, एवढं चौथीपर्यंत कळलेलं असतं. पिशवीच्या तोंडाशी डझनभर केळी. “रिकाम्या हातानं कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई,” असं म्हणून तिनं ती मुद्दाम वर ठेवली. म्हणजे दारात उभं राहिल्यावर आधी केळी दिसावीत, मग मी.

मंगळवार पेठेतल्या पोरानं शिवाजी पेठेत रात्र काढायची म्हणजे काय, हे फुटबॉल माहीत असलेल्या कोल्हापूरकराला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर या दोन पेठांचे संघ समोरासमोर आले, की सख्खे मेव्हणे दोन वेगळ्या बाजूंना बसतात. वडिलांची सूचना त्यामुळं एवढीच होती, “तिथं फुटबॉलचं काढू नको.”

आईनं निघताना अर्धी भाकरी खायला घातली. अर्धीच. पोटभर खाऊन गेलं तर तिथं जेवता येत नाही आणि त्यांना वाईट वाटतं. उपाशी गेलं तर माणूस अधाशासारखा खातो आणि आपलं घर दिसतं. अर्ध्या भाकरीवर गेलेलं पोरगं मात्र दोन्ही घरांची अब्रू राखून जेवतं. हे प्रमाण कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात सापडत नाही, आणि तरी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आईला ते ठाऊक होतं.

खरी शिकवण तोंडानं दिलेली नव्हतीच. ती डोळ्यांनी दिलेली होती. पाहुण्यांकडं गेल्यावर लाडवाच्या ताटलीकडं माझा हात जरा लवकर गेला, की आईचे डोळे अर्धा इंच मोठे व्हायचे. हात तिथूनच वळून डोकं खाजवायला जायचा. अशा वटारलेल्या डोळ्यांतून सात-आठ वर्षांत जे शिक्षण झालं, त्याचा सारांश असा, की पहिलं ‘नको’ म्हणायचं ते रिवाज म्हणून, दुसरं म्हणायचं ते घराण्यासाठी. तिसऱ्या वेळी काही म्हणायचं नाही. नुसतं ताटाकडं बघत राहायचं, म्हणजे वाढणारी वाढते. ही सगळी व्यवस्था एकाच खांबावर उभी होती. समोरच्यानं आपल्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कोल्हापुरात हा खांब फारच मजबूत. इथं यजमान ‘चहा घेणार का?’ असं विचारत नाही. विचारलं म्हणजे समोरच्याला ‘नको’ म्हणायची सोय झाली, आणि कुणाची अशी सोय करून देणं हा उद्धटपणा. इथं ‘आधण ठेवलंय’ असं सांगतात. जेवायचं विचारत नाहीत, ‘हात धुऊन घ्या’ म्हणतात. ‘जेवून आलोय’ हे वाक्य तर इथं नमस्काराच्या जागी वापरलं जातं, त्याचा जेवणाशी काही संबंध नसतो. कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. त्यामुळं हे वाक्य भावा-बहिणीला एकच पुरतं. माझी बहीण ते इतक्या कसबानं म्हणायची, की ‘जेवून आलो’ म्हणता म्हणता ती पाटावर बसलेली असायची.

तर मी पोचलो. मित्राचं नाव सांगत नाही. तो अजून माझ्या ताटात रस्सा वाढतो, आणि वाढणाऱ्या माणसाशी वाकडं घेऊ नये. त्याचे वडील शिक्षक होते. काकूंनी दारातच विचारलं, “जेवलायस का रं?”

“होय, जेवून आलोय.”

“असू दे. दोन घास खा की.”

इथवर सगळं शास्त्राप्रमाणं चाललं होतं. पंगत मांडली गेली. भाकरी, वांग्याचं कोरड्यास, शेंगदाण्याची चटणी, दही. भाजीला कोरड्यास म्हणणारी माणसं पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेली असतात, हे ओळखून असावं. ‘जेवून आलोय’ म्हटल्यामुळं काकूंनी सुरुवातीला अर्धीच भाकरी वाढली. मी ती सावकाश, चार घासांचे आठ करून, जेवून आलेल्या माणसासारखी खाल्ली. मग काकू दुसरी भाकरी घेऊन वाकल्या. मी पहिलं ‘नको’ म्हटलं.

आणि मित्राचे वडील म्हणाले, “अगं, नको म्हणतोय ना तो? मग नको. मुलांवर सक्ती करायची नाही.”

त्यांनी कुठल्या शिबिरात ऐकलं होतं की पुस्तकात वाचलं होतं, देव जाणे. मुलाचा शब्द मानावा, त्याच्या इच्छेचा आदर करावा, असं त्यांचं मत होतं. मत उत्तमच. पण रात्री साडेआठ वाजता, वांग्याच्या कोरड्यासासमोर ते अमलात आणायला नको होतं. काकूंचा हात हवेतच थांबला. भाकरी टोपलीत परत गेली. मी दुसरं ‘नको’ तोंडात तयार धरून बसलो होतो, ते तसंच गिळलं. त्या पंगतीत माझ्या पोटात गेलेला तो शेवटचा पदार्थ.

इथं वाचकांना पुण्याचा एक विनोद अपेक्षित असेल. तो मी करणार नाही. एक तर तो झिजलेला आहे, आणि दुसरं म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवणारा तो भला माणूस अस्सल कोल्हापूरचा होता.

२०२२ साली जगभर एक वाद रंगला होता. स्वीडनमधल्या काही घरांत म्हणे, मुलांचा मित्र खेळायला आलेला असताना घरची मंडळी जेवायला बसतात आणि तो मित्र तिकडं आतल्या खोलीत एकटा वाट बघत बसतो. मंडळी जेवून उठली, की खेळ पुढं चालू. यावर साऱ्या जगानं त्या बिचाऱ्या देशाला धारेवर धरलं. स्वीडिश लोकांनी खुलासा केला, की त्या मुलाच्या घरी त्याच्यासाठी स्वयंपाक झालेला असेल, तो वाया जाऊ नये. शिवाय कुणावर उपकाराचं ओझं नको. मी हे वाचलं आणि चौथीतली ती रात्र आठवली. मित्राच्या वडिलांची आणि त्या देशाची गाठ पडायला हवी होती. बाकी उपकाराचं ओझं म्हणाल, तर आमच्याकडं ते डब्यातून फिरतं. शेजारणीनं पुरणपोळ्या पाठवल्या, तर तो डबा रिकामा परत करायचा नाही. त्यात काहीतरी घालायचं. मग ते खाऊन तिला तुमचा ऐवज परत करावासा वाटतो. आमच्या गल्लीत एक पितळी डबा असा दोन घरांच्या मध्ये वर्षानुवर्षं फिरत होता. मुळात तो कुणाचा, हे दोन्ही घरं विसरली होती.

जेवण झालं. सोप्यात सतरंजी अंथरली गेली. आम्ही चार पोरं ओळीनं, पलीकडच्या भिंतीशी मित्राची आजी. ती दिवेलागणीलाच जेवून आडवी झालेली. नाहीतर माझ्यावर ही वेळ येती ना. पाहुणा म्हणून मला घरातली सगळ्यात चांगली वाकळ मिळाली. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ अशी जड असते, की एकदा अंगावर घेतली की माणूस स्वप्नातसुद्धा कूस बदलत नाही. उशी खास पाहुण्यांची, म्हणजे वापरात नसल्यामुळं दगडासारखी. आणि डांबरगोळ्यांच्या वासाची चादर. हा वास मला अजूनही मायेचा वाटतो. ट्रंकेच्या तळातलं काढून घातलंय, असं तो वास सांगतो.

पोटात अर्धी आणि अर्धी मिळून एक भाकरी. रात्री अकराच्या सुमाराला माझ्या पोटातून असा आवाज आला, की शेजारचा मित्र झोपेत म्हणाला, “गाडी आली.”

माझ्या पायाशी फडताळ होतं. संध्याकाळी त्यातून काकूंनी डबा काढून पोरांना मूठ-मूठ भडंग दिलं होतं. तेव्हा मी अर्थातच ‘नको’ म्हटलं होतं. आता भडंग हा पदार्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुरमुरे, शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि तेलावर परतलेलं लाल तिखट. सांगली-जयसिंगपूरपासून आमच्यापर्यंत याच्यावर माणसं वाढलेली आहेत. पण चोरून खाण्यासाठी याच्याइतका नालायक पदार्थ दुसरा नाही. लाडू चोरता येतो, गूळ चोरता येतो, साय तर चोरण्यासाठीच असते. भडंग चावलं की गल्ली जागी होते.

मी वाकळीखालून सरपटत निघालो. झाकण काढायला दहा मिनिटं लागली असतील. एक घास तोंडात टाकला आणि न चावता जिभेवर तसाच धरून ठेवला, विरघळू दे म्हणून. चुरमुरे विरघळतात. तिखट विरघळत नाही. ते जिभेवर पसरतं, मग घशात उतरतं, मग नाकात चढतं. तिसऱ्या घासाला मला ठसका आला. तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला, तर डोळ्यांतून पाणी आणि कानांतून वाफ. पाण्याची घागर आत माजघरात, वाटेत काकांचा पलंग.

तेवढ्यात अंधारात पलीकडच्या भिंतीकडून अगदी हळू आवाज आला.

“मांजरा, तांब्या हितं माझ्या उशाशी हाय. पिऊन जा.”

मी गेलो. पाणी प्यालो. म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. परत येताना डब्याचं झाकण नीट लावलं, कारण आईची शिकवण होती, की दुसऱ्याच्या घरातली वस्तू जिथल्या तिथं ठेवावी.

सकाळी काकूंनी डबा उचलला, हातात जोखला आणि म्हणाल्या, “ह्यातलं भडंग कमी झालंय.” सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागायच्या आत आजी चुलीपुढून म्हणाली, “रातच्याला मांजर आलं हुतं.”

काका दाढी करत होते. त्यांचा बुद्धिवाद जागा झाला. “मांजर भडंग खातं का आई? आणि झाकण परत कुणी लावलं?”

“शिकलेलं असंल,” आजी म्हणाली. “मास्तराच्या घरातलं हाय.”

त्या घरातली सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. आजी एका बोटानं मिश्री लावत बसलेली, तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द त्यामुळं तोंडातच. पोरांना तळहातावर माकडछाप काळं दंतमंजन. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मंजन किती घ्यावं, यालाही मर्यादा असते. पुडी पाहुण्यानं धरायची नाही, घरचा ओतेल तेवढंच घ्यायचं. न्हाणीत तांब्याचा बंब, त्यात शेणी आणि उसाची चिपाडं धुमसत असलेली. पहिलं कढत पाणी पाहुण्याला. हा मान असतो आणि शिक्षाही असते, कारण ते पाणी अंगावर घेववत नाही आणि ‘गार पाणी द्या’ म्हणवतही नाही. मी उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर आलो. “पाणी बरं होतं का?” काकांनी विचारलं. मी “होय” म्हटलं. त्यांनी यावरही विश्वास ठेवला.

दुसऱ्याच्या छपराखाली झोपण्याची कोल्हापूरला तशी जुनी सवय. खेड्यातून शिकायला आलेल्या पोरानं राहायचं कुठं, या प्रश्नावर शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली. आधी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, मग एकेका समाजाचं. या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यावरून. दसरा चौकातून जाताना आजही या इमारती दिसतात. पण छप्पर वेगळं आणि ताट वेगळं. महाराजांना याची पुरती कल्पना होती. म्हणून तर गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढल्यावर महाराज स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे, आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही प्यायला लावायचे. त्या काळी तथाकथित अस्पृश्याच्या हातचा चहा राजानं भर रस्त्यात पिणं ही साधी गोष्ट नव्हती.

हे सांगायचं कारण असं, की आमच्या लहानपणी कुणाकडं झोपायला जायचं आणि कुणाकडं नाही, याचीही एक न बोललेली यादी होती. माझ्या वर्गातला एक मुलगा कधी कुणाकडं मुक्कामाला आला नाही. त्याला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ‘ये’ही म्हटलं नव्हतं. एका बाईंना मी आपल्या पोराला सांगताना ऐकलंय, “त्याच्याकडं खेळायला जा, पण पाणी पिऊ नको.” त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर होती, हार घातलेली. एरवी आमच्या आदरातिथ्याची मी कितीही तारीफ करीन, पण ती तसबीर आडवी येते.

पुन्हा त्या सकाळी. वार रविवार. नाष्टा झाल्यावर मी पिशवी उचलली. आता निघण्याचं शास्त्र सुरू होतं, आणि ते जेवणाच्या शास्त्रापेक्षा अवघड. रविवारी कोल्हापुरात कुठल्याही घरात अकरा वाजता मटण शिजत असतं. मटणाच्या दरावरून आंदोलन करणारं हे शहर. २०१९च्या अखेरीला ते झालं, तेव्हा बाहेरची माणसं हसली. इथं कुणी हसलं नाही. अशा शहरात रविवारी अकराच्या पुढं दुसऱ्याच्या घरी रेंगाळणं म्हणजे सरळ मटणावर नजर ठेवणं. म्हणून पाहुण्यानं साडेदहालाच ‘निघतो’ म्हणायचं असतं. आणि मग चप्पल शोधायला वेळ लावायचा असतो. माझी एक चप्पल त्या दिवशी उंबऱ्याच्या अलीकडंच होती. ती मला बराच वेळ सापडली नाही.

“कुठं निघालास?” आजी म्हणाली.

“घरी.”

“आणि हे पालव्याचं मटण कुणी खायचं? मांजरानं?”

काकांनी तोंड उघडलं. “अगं आई, तो जातो म्हणतोय तर...”

“तू गप रं,” आजी म्हणाली. निवृत्तीला आलेला शिक्षक गप्प झाला.

आजीनं मला आपल्या शेजारी पाटावर बसवलं. तांबड्या रश्श्याची वाटी, पांढऱ्या रश्श्याची वाटी, सुकं मटण, भाकरी. तांबडा डोळ्यांतून पाणी काढतो आणि नारळाच्या दुधातला पांढरा ते पुसतो, असा या दोघांचा संसार आहे. मी सवयीनं वाटीवर हात आडवा धरला. कोल्हापुरात वाटीवर हात धरणं ही कुस्तीतली सलामी समजावी. वाढणारा पाहुण्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा ओततो, आणि ज्याला ते जमत नाही त्याला वाढपी म्हणत नाहीत. आजीनं माझं मनगट धरून बाजूला केलं आणि पळी उपडी केली. एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या वाटीनंतर मी म्हटलेलं ‘नको’ मात्र अगदी खरंखुरं होतं, आणि तेही तिनं मानलं नाही. म्हणजे एका घरात, चौदा-पंधरा तासांच्या अंतरानं, खोटं ‘नको’ खरं धरलं गेलं आणि खरं ‘नको’ खोटं.

घरी आल्यावर आईनं चौकशी मांडली. काय केलं होतं? कुणी वाढलं? अंथरूण कसलं होतं? या प्रश्नांची उत्तरं देण्यालाही रीत आहे. त्यांच्या घरात जे कमी होतं ते सांगायचं नाही, आणि जे आपल्यापेक्षा जास्त होतं तेही सांगायचं नाही.

“रात्री पोटभर जेवलास?”

“होय.”

तिनं माझ्या डोळ्यांत एकदा बघितलं, चुलीवरची कढई खाली उतरवली आणि काही बोलली नाही. पुढच्या वेळी मात्र निघताना पाऊण भाकरी मिळाली.

नंतर असे मुक्काम खूप झाले. गणपतीच्या मंडपात मूर्तीच्या राखणीला म्हणून झोपलो, तिथं कसलाच शिष्टाचार नव्हता. जो आधी आडवा झाला त्याची सतरंजी. आठवी-नववीत कुणाच्या तरी घरी भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघितले. तिसरा कुठला होता हे कुणालाच सांगता येत नसे. दहावीच्या वर्षी ‘अभ्यासाला’ म्हणून झोपायला जायचो. त्याविषयी जितकं कमी बोलावं तितकं बरं. आताची पोरं ‘स्लीपओव्हर’ला जातात. आधी आयांचं फोनवर ठरतं, कशाची ॲलर्जी आहे ते कळवलं जातं, पिझ्झा मागवला जातो, आणि पोरगं तोंडावर सांगतं, “काकू, मला हे आवडत नाही.” काकू “बरं” म्हणतात. कुणी उपाशी झोपत नाही. मित्राचे वडील असते तर खूश झाले असते.

आजी गेली तेव्हा मी बारावीत होतो. काका त्यानंतर बरीच वर्षं होते. शेवटपर्यंत समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवत राहिले. मित्रानं आणि मी मांजराचा विषय एकमेकांपाशी कधीच काढला नाही. त्या रात्री तो माझ्याशेजारीच झोपला होता, तेव्हा त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग ऑगस्ट २०१९ उजाडला. ज्यांनी तो महापूर बघितला त्यांना सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, महामार्ग बंद, गावोगाव होड्या. पाऊस तर असा, की बोलायचं तर ओरडावं लागे. माझा मित्र लग्नानंतर नागाळा पार्कात तळमजल्यावर राहायला गेला होता. मी राजारामपुरीत, उंचावर. संध्याकाळी बेल वाजली. दारात तो, वहिनी, पोरगा, पोरगी. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर एक सूटकेस. आणि वहिनींच्या हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. पाणी घरात शिरताना या बाईनं आधी डबा भरला होता, रिकाम्या हातानं कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही म्हणून.

“जेवलायसा का?” माझ्या बायकोनं विचारलं.

“होय, जेवूनच आलोय,” चौघंही एका सुरात म्हणाली. दुपारपासून ती घरातलं सामान माळ्यावर चढवत होती.

सहा दिवस ती आमच्याकडं होती. पुराच्या पाण्यानं शहर वेढलेलं आणि नळाला थेंब नाही. उपसा केंद्रंच बुडाली होती. टँकर आला की कळशा घेऊन रांग. माणशी एक बादली. तेव्हा शिष्टाचारानं नवंच वळण घेतलं. मित्र रोज सकाळी म्हणायचा, “अंघोळ नको. काल केलीय.” पहिल्या दिवशी मी आग्रह केला. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याचा शब्द मानणं सगळ्यांनाच जड जायला लागलं, तेव्हा बायकोनं बादली न्हाणीघरात ठेवली आणि बाहेरून कडी लावली.

भाजीचंही तेच. बाजारात काही येत नव्हतं. टोपलीत चार बटाटे आणि पानावर आठ माणसं, हे वाढणारीलाही दिसत होतं आणि जेवणाऱ्यांनाही. चारही पाहुणे ‘नको’ म्हणायचे, आम्ही चौघंही ‘आम्हाला नको’ म्हणायचो, आणि शेवटचा बटाटा पातेल्यात तसाच राहायचा. शेवटी पोरांनी तो वाटून घेतला आणि आम्हा मोठ्यांना हसली.

तिसऱ्या रात्री मला जाग आली. पाऊस जरा थांबला होता, त्यामुळं आवाज स्पष्ट आला. स्वयंपाकघरात कुणीतरी डब्याचं झाकण फार सावकाश काढत होतं. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी दबलेला ठसका. आमच्या घरातल्या डब्यात काय होतं हे मला माहीत होतं. बायकोनं दुपारीच भडंग करून ठेवलं होतं, आणि वहिनींनी नवऱ्याला तिखट-तेलकट पूर्ण बंद केलंय, हेही तिनं मला सांगितलं होतं.

मी अंथरुणातूनच हळू आवाजात म्हटलं, “मांजरा, प्यायचं पाणी डाव्या कळशीत आहे. उजवीतलं टँकरचं आहे, उकळलेलं नाही.”

अंधारात क्षणभर काहीच हललं नाही. मग डाव्या कळशीवरचं झाकण वाजलं.

सकाळी बायकोनं डबा हातात जोखला. वहिनींनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा वर्तमानपत्रात पाण्याची पातळी वाचत होता आणि मान वर काढायचं नाव घेत नव्हता. मी म्हटलं, “रात्री मांजर आलं होतं.”

“पण काका,” त्याची पोरगी म्हणाली, “तुमच्याकडं मांजर कुठं आहे?”

तिच्या वडिलांनी पान उलटलं. “शिकलेलं असेल,” तो म्हणाला.

पाणी उतरल्यावर ती घरी गेली. भिंतींवर छातीइतक्या उंचीवर ओल होती, ती पुढं दोन उन्हाळे गेली नाही. जाताना वहिनी आपला स्टीलचा डबा आमच्याकडं विसरल्या. तो अजून इथंच आहे. रिकामा परत देता येत नाही, आणि त्यात काय घालावं यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.